खालच्या खोलीतला बसक्या

सोमवार

आलो एकदाचा. आजपासून मी या कोल्ड स्टोरेजचा मॅनेजर. स्वतंत्र केबिन, राहायला दोन खोल्या, खिडकीतून सफरचंदांचे ट्रक दिसतात. स्वारी खुशीत आहे. सोबत हिचा धाकटा भाऊ आणलाय, कारण घरी तो नुसता लोळतो आणि सासरेबुवांनी हात टेकलेत. निघताना हिने पुन्हा पुन्हा बजावलं की आईच्या मागे मी त्याला पोटच्या पोरासारखा वाढवलाय, त्याला काही झालं तर तुमचं तोंड बघणार नाही. त्याला काय होणार? झोपेत खाटेवरून पडेल, फार तर.

यंत्रांवरचे लोक मात्र एकेक नमुने. यंत्रघराच्या खाली काही पायऱ्या उतरून एक खोली आहे. थंडाव्याच्या गॅसच्या टाक्या तिथे ठेवतात. त्या खोलीत कोणी बसत नाही, वाकतसुद्धा नाही. पाना खाली पडला तर काठीला बांधलेल्या लोहचुंबकाने वर ओढतात. मुख्य ऑपरेटरचं नाव मी मनातल्या मनात बगळा ठेवलंय. त्याला विचारलं, तर म्हणाला की साहेब, तिथे जमिनीवर बसक्या असतो, त्याच्या शेजारी बसलेला माणूस उठत नाही, माझा सख्खा काका उठला नाही. असल्या लोकांना आपण पगार देतो.

मंगळवार

साफसफाईला सुरुवात केली. खालच्या खोलीत गॅसचा अलार्म आहे, त्याची पेटी कुठे लावलीय? घोट्याजवळ. धूर वर जातो हे शाळेतलं पोरही सांगेल, पण लावणाऱ्याची अक्कल पायात, म्हणून पेटीही पायाशी. वर ती सारखी टीं टीं करते. छताशी नेऊन ठोकली. तेव्हापासून मुकी झालीय.

दुसरं म्हणजे दार. जाडजूड, आपोआप मिटणारं, आतली मूठ तुटलेली. ती बसवायचं सोडून या महाभागांनी उंबऱ्यात वीट घालून ठेवलेली. वीट काढून फेकली, सुताराला पुढच्या आठवड्यात बोलावलंय. तोवर मी आत असलो की खुर्ची आडवी लावतो.

आणि खाली एक टेबल टाकून घेतलं, मेहुण्यासाठी खाटही. दुपारची डायरी आता मी तिथेच लिहिणार. बगळा दारातून बघत होता. बघ म्हणावं, मी बसलोय आणि काही झालेलं नाही.

गुरुवार

डोकं जरा जड आहे. जागा बदलली की होतंच.

मेहुणेबुवा दुपारी खालीच घोरतात. त्यांनी तिथे संसार थाटलाय. एका टाकीच्या व्हॉल्व्हला तार बांधून भिंतीतल्या खिळ्यापर्यंत नेलीय आणि तिच्यावर ओले कपडे वाळत घातलेत. टाकी साखळीने बांधून ठेवायची असते असं बगळा पुटपुटला. तिची साखळी आमच्या मेहुणेसाहेबांनी सायकलला लावली. मी ओरडलो नाही. बगळ्यासमोर घरच्या माणसाला काय बोलायचं?

जेवताना मेहुणा म्हणाला, दाजी, खाटेजवळ कोणीतरी श्वास घेतं. म्हटलं, तूच घेत असशील, तेवढं एकच काम करतोस.

शुक्रवार

इथे एक मांजर आहे. खालच्या खोलीच्या पायरीवर बसते, आत येत नाही. मेहुण्याने आज तिला उचलून आत नेलं. खाटेखाली झोपली ती झोपलीच. बगळ्याने ती काठीने ओढून काढली, हात लावायलाही वाकला नाही. पोत्यात घालून माझ्यासमोरून नेली. ते मला झोंबलं.

म्हातारी असेल मांजर.

शनिवार

अलार्म लावणाऱ्या कंपनीला फोन केला, जाब विचारायला. तिकडचा मेकॅनिक आधी हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, या गॅसला वास नाही, तो हवेपेक्षा जड, पाण्यासारखा खाली साचतो आणि खालून वर भरत येतो. पेटी पायाशीच हवी. गळती झाली तर सगळ्यांना बाहेर काढा, पंखा बाहेरून लावा, आणि आत कोणी पडलेला दिसला तरी मागे धावू नका.

म्हणजे घोट्याजवळ ते बरोबर होतं.

मेहुण्याला सांगितलं, खाली झोपायचं नाही. बरं म्हणाला. पेटी सोमवारी उतरवतो, बगळा त्या दिवशी रजेवर आहे. त्याच्यादेखत उतरवून नाक कापून घेऊ काय? दोन दिवसांनी काय बिघडतं.

झोप येत नाहीये. मांजर डोळ्यांसमोरून हलत नाही.

रविवार

संध्याकाळच्या गाडीने ही येतेय. मेहुणा खोलीत नाही, अंगणात नाही. कपडे आणायला गेला असेल म्हणून खाली आलो—

खाटेवर आहे. ओठ निळे. तार ओढल्यासारखी, व्हॉल्व्ह वाकडा. फुस्स. हाच तो श्वास.

धावलो. खुर्ची लावायची राहिली. मागे दार मिटलं.

मुठीच्या जागी नुसता खिळा. नखं फाटली. फोन केबिनमध्ये. पंख्याचं बटण बाहेर. बगळा संध्याकाळी येतो—

व्हॉल्व्ह बंद करायला वाकलो. गुडघेच गेले. कसाबसा टेबलावर चढलो. इथे श्वास येतो.

त्याला कॉलर धरून ओढतोय. जड आहे. डोकं टेबलाच्या काठापर्यंत आलं, पुढे येईना. ऊठ रे राजा. तुला आळशी म्हणणार नाही. ऊठ. ही काय म्हणेल मला—

हसू येतंय. का येतंय. डायरी हाताशी होती म्हणून लिहितोय. डोळे मिटताहेत—

बसायचं नाही. बगळा बरोबर. बसायचं नाही. उभा आहे. डोकं छताला लागतंय—

कानाशी काहीतरी सुरू झालं. टीं टीं. पेटी.

पेटी वाजतेय. मीच वर लावलेली. म्हणजे तो आता बसलेला नाही, तो इथपर्यंत उभा रा—