घड्याळ की रजा

१० नोव्हेंबर
आज सकाळी अंघोळ करून देवघरात गेलो आणि समई लावायच्या आधी मोबाईल चार्जिंगला लावला. चूक लक्षात आल्यावर देवाची क्षमा मागितली. मोबाईल काढला मात्र नाही. बॅटरी फार कमी होती. देव समजून घेतो.

मोबाईलची ही काळजी माझ्यासाठी नाही. वैष्णवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. जावई अनुज वापीला नोकरीला, येतो ते रविवारी. डॉक्टरीणबाईंनी महिनाअखेर सांगितली आहे. मी मुलीला शब्द दिला आहे, कळा सुरू झाल्या की चिंचणीहून बोईसरच्या दवाखान्यात मीच नेणार.

अडचण एकच. आमच्या कंपनीत सॉल्व्हंटचं, म्हणजे चटकन पेटणाऱ्या रसायनांचं काम. ठिणगी चालत नाही, म्हणून मोबाईल गेटवरच्या खणात ठेवून आत जायचं. निरोप आला तरी पाळी सुटेपर्यंत कळणार नाही.

आमच्या सौ.चं, दमयंतीचं म्हणणं, वीस तारखेपासून रजा टाका. म्हणाली, कंपनी काय तुमी एकटे चालवता? दोन नंबरचा रिअ‍ॅक्टर माझ्या हाताला सरावलेला आहे. हे घरात बोलून दाखवलं तर अहंकार वाटेल.

संकल्प: रजा न घेता मार्ग काढणे.

१२ नोव्हेंबर
कमलेशला सांगून पाहिलं. आमचा शिफ्ट इनचार्ज, वयाने माझ्या पुतण्याएवढा. म्हणाला, काका, गेटवर लँडलाईन हाय. काकूंना नंबर देऊन ठेवा, वॉचमन आत कळवंल.

साधा मुलगा आहे. त्या फोनवर कायम कोणीतरी ट्रकवाला बोलत असतो. नंबर लिहून घेतला, पाकिटात ठेवला.

घरी येताना बोईसरला धीरजच्या मोबाईलच्या दुकानात चौकशी केली. फक्त चौकशी. धीरज दमयंतीच्या बहिणीचा मुलगा. तो म्हणाला, काका, मोबाईल घेतला म्हणजे अर्धीच खरेदी झाली, स्मार्टवॉच पायजेच. फोन आला की मनगटावर थरथरतं.

मनगटावर. हा शब्द मनात राहिला.

१३ नोव्हेंबर
जेवणाच्या सुट्टीत सहज विषय काढला. मोबाईल असलेला माणूस वर घड्याळही घेईल का? एक जण म्हणाला, मोबाईलमध्ये वेळ दिसते की. दुसरा म्हणाला, एकच वस्तू चार्ज करता करता जीव जातो. आनंदा, जो मी नसताना माझ्या जागी उभा राहतो, म्हणाला, फोन वाजतो तेवढं पुरे, वरून हात कशाला वाजायला हवा?

तात्पर्य: लोकांना अजून गरज कळलेली नाही. आनंदाला तर कधीच कळणार नाही. मीही घेणार नाही. मोहाला आळा घालणं हीच खरी साधना.

१५ नोव्हेंबर, एकादशी
घड्याळ आणलं.

उपासाच्या दिवशी नवी वस्तू घेऊ नये असं कुठे सांगितलेलं नाही. धीरजला विचारलं, मोबाईल लांब असला तरी चालतं ना? तो म्हणाला, बाजूच्या खोलीत असला तरी चालंल. गेटपासून प्लांटपर्यंतचं अंतर मी सांगितलं नाही. त्याच्या दुकानात गर्दी होती.

दमयंती बघून म्हणाली, बाळ मुलीला होणार हाय आणि डोहाळे तुमाला लागले.

१६ नोव्हेंबर, रविवार
जपाला बसलो. माळ अर्ध्यावर आली तेव्हा मनगट थरथरलं आणि उभं राहायची सूचना आली. उभा राहिलो. मग वाटलं, उभ्याने जप चालतो का? बसलो. पुन्हा सूचना. शेवटी भिंतीला टेकून मधल्या अवस्थेत माळ पुरी केली. अनुज दारातून बघत होता. जावयासमोर शोभत नव्हतं, पण वैराग्यात शोभेचा विचार नसतो.

देवळात भजनाला बाही दुमडून गेलो. उकडत होतं.

१७ नोव्हेंबर
गेटवर वाद झाला. वॉचमन म्हणाला, चाचा, ये भी जमा करो. मी त्याला फलक दाखवला. मोबाईल, कॅमेरा, माचिस, बिडी. घड्याळ कुठे आहे? सासऱ्यांनी लग्नात दिलेलं चावीचं घड्याळ घालून इतकी वर्षं याच गेटमधून आत जातोय. तो म्हणाला, उसमें चाबी थी, इसमें बैटरी है। बैटरी अंदर नहीं जाएगी।

मागे रांग लागली. कोणीतरी म्हणालं, कृष्णाकाका, बाळाचं नाव ठेवून मग आत जाणार काय?

दोन्ही वस्तू एकाच खणात ठेवल्या. दिवसभर मोबाईल आणि घड्याळ एकमेकांच्या अगदी जवळ होते. जोडणी उत्तम राहिली असणार. मीच तेवढा बाहेर.

१८ नोव्हेंबर
मार्ग सापडला. जपात असतानाच सुचला, म्हणजे माझा नाही, वरूनच आला.

कँटीन गेटला लागून, अलीकडच्या बाजूला आहे, तिथे बॅटरी चालते. मोबाईलचा खण आणि कँटीन यांत एक भिंत. तिथल्या जमुनाबाईंच्या मनगटावर घड्याळ बांधायचं. थरथरलं की त्यांनी वॉचमनला सांगायचं, त्याने आत फोन करायचा, मी निघायचं.

कमलेशने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, काका, म्हणजे शेवटी वॉचमनच आत फोन करणार ना?

हो म्हणालो. त्याच्या चेहऱ्यावर काही तरी होतं. कौतुक असावं.

२० नोव्हेंबर, गुरुवार
योजना चालू. पाळी सुरू होताच निरोप आला. रिअ‍ॅक्टर आनंदाच्या हवाली करून धावत गेटवर आलो. भजनी मंडळाच्या ग्रुपवर शुभ गुरुवार आला होता. दत्ताचा फोटो होता, नमस्कार केला आणि परतलो. पुन्हा निरोप. दुसऱ्या कोणाचा शुभ गुरुवार. जेवणापर्यंत मंडळातल्या प्रत्येकाचा गुरुवार शुभ झाला.

जमुनाबाई वैतागल्या. म्हणाल्या, दादा, माजे हात पिठात, आन तुमचा घड्याळ सारखा अंगात आल्यागत करतो. नवा नातू येऊ दे का नको येऊ दे, भाकरी तरी येऊ दे.

परतलो तेव्हा दोन नंबर व्यवस्थित चालू होता. आनंदा चहा पीत होता. मी बसवलेली घडी असते, म्हणून चालतं.

संध्याकाळी सेटिंगमध्ये जाऊन ग्रुप शांत केले. कुठे काय दाबायचं ते नीट दिसेना, म्हणून सगळंच शांत केलं. मनही शांत झालं.

२२ नोव्हेंबर
दोन दिवस एकही निरोप नाही. जमुनाबाई खूश. म्हणाल्या, आता गुणाचा झाला. माझंही बऱ्याच वर्षांनी कामात असं लक्ष लागलं. दमयंतीला म्हणालो, बघ, यंत्र नीट समजून घेतलं की माणूस निर्धास्त होतो.

२४ नोव्हेंबर
संध्याकाळी लिहितो आहे.

पाळी सुटली, मोबाईल खणातून काढला. दमयंतीचे फोनच फोन. घड्याळातही तेच, मुकाट. जमुनाबाई म्हणाल्या, दादा, देवाशपथ, हालला नाय.

घरी आलो तर कुलूप. शेजारच्या भाग्यश्रीने सांगितलं, वैष्णवीला कळा आल्या, काकी तिला रिक्षाने बोईसरला घेऊन गेल्या. स्कूटर वळवली. वाटेत कुठलं नाव घेत होतो आठवत नाही.

पाम गावाच्या पुढे समोरून त्यांची रिक्षा आली. कळा खऱ्या नव्हत्या, डॉक्टरीणबाईंनी परत पाठवलं होतं. दमयंतीने मला बघून रिक्षाचा पडदा ओढून घेतला. ती बोलते तेव्हा बरं असतं.

चहा देताना वैष्णवीनेच विचारलं, बाबा, उद्या पण पहिलीच पाळी ना? मी हो म्हणालो. ती म्हणाली, बरं. एवढंच. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती, ग्रुपचं, सेटिंगचं. एकही उपयोगी पडलं नाही.

२५ नोव्हेंबर
पाळी सुरू व्हायच्या आधी कमलेशला गाठलं. रजेचा अर्ज लिहून नेला होता. बाळ येऊन बारसं होईपर्यंतची रजा. कंपनीची गैरसोय होईल याबद्दल दोन ओळी खेद व्यक्त केला होता.

त्याने वाचलंही नाही. सही केली. म्हणाला, काका, तुमी आज मागाल, उद्या मागाल म्हणून आनंदाला कधीचा तुमच्या जागी लावून ठेवलाय. मी म्हणालो, आजची पाळी करून जातो, त्याला दोन नंबरच्या खोडी समजावतो. कमलेश म्हणाला, त्याला ठाऊक हायत. तुमी जा.

घड्याळ मागायला कँटीनमध्ये गेलो. जमुनाबाईंनी त्यात भाकरीची वेळ लावायला शिकून घेतलं होतं. मागितलं नाही. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे. घड्याळाचा काही तरी उपयोग करणारी पहिली व्यक्ती तीच निघाली.

घरी येऊन वैष्णवीच्या खाटेशेजारी खुर्ची टाकली आणि बसलो. तासाभराने ती म्हणाली, बाबा, जरा बाहेर बसा. तुमी असे टक लावून बघताय, त्यानेच पोटात कळ येते.

बाहेर ओट्यावर बसलो आहे. रजेवर आहे.