कोट की डोळे

आई,

तुझा हेर म्हातारा झालाय. गेल्या महिन्यात एका रविवारी काकीला घेऊन मी तळेगावला त्याचा नवा सिनेमा बघून आले. दाढी पांढरी झालीय, चालताना एका पायावर जपून भार देतो. कथेतही त्याला निवृत्त करून कुठल्याशा डोंगरातल्या गावात बसवलंय, आणि मग जुनं काहीतरी अर्धवट राहिलंय म्हणून परत बोलावतात. तू असतीस तर पहिल्याच दिवशी गेली असतीस आणि घरी सांगितलं असतंस, बाजारात गेले होते.

तशी तू जायचीस बाजारातच. आपल्या पवनेच्या बाजूने लोणावळ्याला भाजी न्यायचा वार ठरलेला असायचा, आणि तू आणि काकी, दोघी जावा, एकाच एसटीने निघायचात. मेथी, कोथिंबीर, घेवडा दुपारच्या आत खपला की रिकाम्या पाट्या ओळखीच्या चिक्कीवाल्याकडे ठेवून तुम्ही टॉकीजमध्ये शिरायचात. सुट्टीत मलाही न्यावं लागायचं. तेव्हा माझ्या हातात चिक्कीचा तुकडा देऊन तू बजावायचीस, "घरी इचारलं तर गिऱ्हाईक नव्हतं म्हनायचं." तुला प्रेमाचे सिनेमे फारसे आवडायचे नाहीत, गाण्यांना तू चक्क डुलक्या घ्यायचीस. पण हा नट हेर होऊन आला की पदर खोचून सावरून बसायचीस, जणू त्याच्याबरोबर तुलाही कामाला जायचं होतं.

एक प्रसंग मला अजून जसाच्या तसा दिसतो. तो शत्रूच्या बंगल्यात नोकर म्हणून राहिलाय. टेबलाशी बसलेला साहेब हसत हसत पाहुण्यांना सांगतो, काल एक हेर पकडला, संपवला. तो याचा सख्खा भाऊ असतो. हा लांब कोट आणि पांढरे हातमोजे घालून चहा ओततोय. कप भरतो, दुसरा भरतो, साखर किती म्हणून विचारतो. बाहेर आल्यावर स्टँडकडे चालताना तू म्हणालीस, "किटली हलली न्हाई, पन गळ्याची घाटी हलली. डोळं बघितलंस? एकदाच मिटलं त्यानं." काकीने लगेच नाक उडवलं. "कशाचं डोळं अक्का? हातात पांढरं मोजं हुतं म्हनून थरथरलेला हात दिसला न्हाई. समदी कपड्याची करामत. त्यो लांब कोट काढून घ्या त्याचा, डेरीतला क्लार्क दिसंल." तू म्हणालीस, "मग तू घाल त्यो कोट आन् हुबी ऱ्हा. बघू कोन भितंय." एसटी येईपर्यंत हे चालायचं, एसटीत चालायचं, आणि गाव जवळ आलं की दोघी एकदम मेथीचा भाव बोलायला लागायचात.

मग वाटणी झाली. ओटीवर पंच बसलेत, बाबा आणि काका एकमेकांवर ओरडताहेत, कोण कुणाच्या बांधावर किती सरकलं हे काढताहेत. मी चुलीपाशी भाकरी करतेय आणि रडतेय. तू आत आलीस, चहाचे कप भरलेस, तव्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "करपतीया. आधी उलट, मग रड." तेवढंच. ट्रे घेऊन तू बाहेर गेलीस आणि काकांनाही सगळ्यांसारखाच चहा दिलास. त्या दिवशी मला तुझा राग आला होता. मला वाटलं, हिला काहीच कसं वाटत नाही.

घरात मधोमध भिंत उभी राहिली. त्या घरातल्यांशी बोलायचं नाही, असं बाबांनी सांगितलं, तसंच काकांनीही तिकडे सांगितलं असणार. परसातला भांडी घासायचा दगड मात्र दोन्ही घरांत एकच राहिला. तिथे तुम्ही दोघी महिनोन् महिने पाठीला पाठ लावून भांडी घासलीत, राख मागायलासुद्धा तोंड उघडलं नाहीत. आणि मग एका रविवारी टीव्हीवर त्याचा हेराचा सिनेमा लागला. आपण भिंतीच्या अलीकडे बघितला, त्यांनी पलीकडे. संध्याकाळी तू दगडावर पातेलं आपटत म्हणालीस, "विमानतळावर कसा वळून बघितला त्यो. न बोलता समदं सांगितलं." तू हे कुणालाच उद्देशून म्हणाली नव्हतीस. काकीने मान वर न करता उत्तर दिलं, "काळा चष्मा घातलावता. वळून बघितलं का न्हाई, तुमाला काय दिसनार?" सिनेमाचं बोलणं म्हणजे बोलणं नव्हे, असं तुम्ही दोघींनी न ठरवता ठरवून टाकलंत. बाबांनाही ते ऐकू यायचं. ते बिडी पेटवून गोठ्याकडे जायचे.

तू गेलीस तेव्हा भिंत होतीच. तरी काकी आली. कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नाही. बायकांनी तुला हिरवं लुगडं नेसवलं होतं. काकीने बघितलं आणि म्हणाली, "निऱ्या नीट न्हाईत." तिने त्या सोडल्या, पुन्हा एकेक करून घातल्या, हाताने दाबून सरळ केल्या. मी दारात उभी राहून बघत होते. बाहेर माणसं खोळंबली होती. तिने घाई केली नाही.

आता बाबा नाहीत, काकाही नाहीत. चुलतभाऊ धरणाच्या काठी तंबू लावून शनिवार-रविवारचे पर्यटक सांभाळतो. मी तळेगावजवळ आंबीतल्या एका कंपनीत आहे. नवा सिनेमा आल्यापासून आमच्या कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नाही. अर्धी पोरं म्हणतात त्याची ॲक्टिंग संपली, आता नुसत्या लूकवर चाललंय. उरलेली म्हणतात, लूक तर लूक, चाललंय ना. ऐकता ऐकता माझा घास हातातच राहिला. संध्याकाळी मी काकीला फोन केला. गेल्या कित्येक वर्षांत दिवाळी सोडून मी तिला फोन केला नव्हता. म्हणाली, "गुडघं दुखत्यात माझं." मग जराशाने, "कुटल्या वारी जायचं?"

सिनेमात तो एसटी स्टँडसारख्या एका ठिकाणी बसलाय. ज्याला त्याने तरुणपणी फसवलं होतं, त्या माणसाचा मुलगा समोर येऊन बसतो. मुलगा बापाबद्दल बोलत राहतो, हा ऐकत राहतो. अंगात एक जुना राखाडी स्वेटर आहे, बस. बाहेर पडलो तर पायऱ्यांवर आमच्या कंपनीतली पोरं उभी, आणि वाद त्याच प्रसंगावर. ॲसेंब्ली लाइनवरची एक मुलगी सांगत होती, "त्याने काहीच केलं नाहीये यार. नुसता बसलाय. त्याला कपड्यांनी वाचवलं."

काकी थांबली. कठडा धरून म्हणाली, "पोरी, समोर त्या पोरानं ठेवलेला पान्याचा तांब्या हुता. घसा सुकलावता त्याचा, आवंढा गिळत हुता. तरी त्यानं पानी घेतलं न्हाई. त्या पोराच्या हातचं घ्यावं कसं? ते स्वेटरनं केलं व्हय?"

ती मुलगी हसली. "पण मावशी, ते डायरेक्टरने सांगितलं असेल."

"सांगतंय की. समद्यांनाच सांगत्यात. जमतंय का समद्यांना?"

आणि आई, माझ्याही नकळत मी मध्ये पडले. मी म्हणाले, "काकी, पण स्वेटरचं कोपर बघितलंस का? वेगळ्याच रंगाच्या लोकरीने रफू केलंय. एकट्या माणसाने स्वतःच केलेलं. तो एकटा राहतो हे आपल्याला तिथेच कळतं, चेहरा नंतर येतो." काकी म्हणाली, "कोपराला कोन रडतं?" पोरं आमच्याकडे बघत राहिली. ती मुलगी शेवटपर्यंत आपल्याच मतावर होती, आणि मला ती आवडली.

परतताना जीपमध्ये मी काकीला विचारलं, "तू तर आयुष्यभर कोटाच्या बाजूची."

"हायेच की. अजून हाय. त्या स्वेटरापुढं त्याला काय करायचं ऱ्हायलंवतं?"

"मग तिथे असं का बोललीस?"

ती बाहेर धरणाच्या पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "अक्काच्या बाजूनं बोलाया कोन हुतं तितं? तू तर कोपर धरून बसलीस."

पवनानगरला उतरल्यावर तिने माझा हात धरला, गुडघ्यासाठी धरला असेल, आणि घरापर्यंत सोडला नाही.

आता मी दर रविवारी तिच्याकडे जाते. ती भाजी निवडते, मी मोबाइलवर त्याचे जुने प्रसंग लावते, आणि आम्ही भांडतो. हे पत्र तिला वाचून दाखवणार नाही. तुला तर ते पाठवायची सोयच नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. तुझ्याशी असं भांडायचं मला फार मनात असायचं, पण तू हरलीस की गप्प व्हायचीस आणि त्या गप्प होण्याची मला भीती वाटायची. काकी हरली तर दुसऱ्या बाजूने बोलायला लागते. तिच्याकडे जाताना मी हल्ली जरा भरभर चालते.