आजोबांचा धोटा

रविवार, १२ जानेवारी. नाहूर.

आजोबांनी मागावर आडवे सूत नेणारा त्यांचा धोटा चुलतभाऊ निलेशला दिला. ते पूर्वी कामाला होते त्या पाण्यावर चालणाऱ्या कापडगिरणीचा इतिहास त्याने कॉलेजसाठी लिहिला, म्हणून. मी दहावी नापास, मला कोण देणार? पण उन्हाळ्यात नदी आटली की माग थांबायचे, हे लहानपणापासून मीच ऐकत आलोय ना?

धोट्याच्या भोकाला ओठ लावून सूत ओढायचे, हेही. निलेश जेवायला बसल्यावर मी तसे करून पाहिले.

आजोबांनी बघितलेच. “तेलाची चव येते का रे अजून?”

“येते,” मी खोटेच म्हणालो. केवढे खुलले!

धोटा निलेश मुलुंडला घेऊन गेला. शोकेसमध्ये ठेवणार म्हणे.