पाठमोरा डिफेन्समन

प्रिय निहार,

तुझा मेसेज मिळाला. "बाबा, वन मोअर इयर? व्हॉट डू यू थिंक?" बस, एवढाच. क्लबने पुढच्या सीझनचा करार पाठवलाय आणि महिनाअखेरपर्यंत सही करायची आहे, हे मला आईकडून कळलं. एरवी मी लगेच फोन लावून तुला तासभर पिळलं असतं. या वेळी कागद काढून बसलोय. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, ठाऊक आहे. लागू दे. लहानपणी पहाटे बर्फाच्या रिंकवर जाताना गाडीत एक पान मोठ्याने वाचल्याशिवाय मी डिकी उघडून तुझे स्केट्स देत नसे. तू प्रत्येक जोडाक्षराला इंग्रजीत शिव्या घालायचास आणि मी बहिऱ्यासारखा गाडी चालवायचो. त्याच वाचनाच्या जिवावर हे पत्र लिहितोय.

आधी घरचं सांगतो. आई अजून रेडमंडला तुझ्या बहिणीकडेच आहे. वैदेहीची रजा संपली, बाळाला डे-केअरमध्ये टाकायला आईचं मन होत नाही. रुही आता पालथी पडते आणि परत सुलटी होता येत नाही म्हणून भोकाड पसरते. तिथे पाऊस थांबत नाही, इथे आपल्याकडे बर्फ वितळत नाही. मी खिचडी करतो, दोन दिवस तीच खातो, तिसऱ्या दिवशी गुरुदत्तकाकांकडे सहज गेल्यासारखा जेवायच्या वेळेला जातो. काकू लगेच ओळखतात. "या जगदाळे, पान वाढलंच आहे," म्हणतात. घरी परतलो की गराजचं दार खाली येताना जो आवाज करतं ना, त्याच्यानंतर काही म्हणजे काही ऐकू येत नाही. माझ्यासारख्या माणसाला हे कठीण. अख्खं आयुष्य मी आवाजावर काढलं. कऱ्हाडहून आलो तेव्हा इंग्रजी कळत नव्हतं, पण गिऱ्हाइकाची गाडी पार्किंगमध्ये शिरतानाच बेअरिंग गेलंय की बेल्ट, ते कळायचं. गोऱ्या मालकाला वाटायचं मी जादू करतो. मी त्याला तसंच वाटू दिलं, आणि तो फ्लोरिडाला गेला तेव्हा दुकान मलाच देऊन गेला.

त्या दुकानाच्या मागे रिंक नसता तर तू आज काय असतास? वैदेहीसारखा कोड लिहीत बसला असतास, नाहीतर गुरुदत्तकाकांच्या यशोधनसारखा लोकांची हृदयं तपासत. शाळेतून येऊन तू माझ्याकडे थांबायचास, तुला ग्रीसचा वास सहन व्हायचा नाही म्हणून मागच्या दाराने रिंकवर पळायचास. मराठी मंडळात लोकांनी माझं डोकं खाल्लं. "रविवारी मराठी शाळेत का नाही पाठवत?" म्हणून बायका आईला टोचायच्या. पुढे तू प्रोफेशनल झालास तरी गणपतीत तेच. "मुलगा काय करतो?" "आइस हॉकी खेळतो." "वा वा, छान. आणि जॉब?" मी हसून म्हणायचो, लोकांना आडवं पाडायचं, हाच जॉब. पण तेही खरं नव्हतं. मला तुझं काम समजायला बरीच वर्षं लागली. सुरुवातीला तर तो पक, ती काळी रबरी चकती, डोळ्यांना दिसायचाच नाही. मी डोळे मिटून ऐकायचो. काठीवर पक बसला की एक आवाज, रिंकच्या कडेच्या फळीवर आपटला की दुसरा. तुझ्या स्केट्सचा तर वेगळाच, तू वळताना बर्फ खरवडत नाहीस, कापतोस.

मग हळूहळू कळलं. डिफेन्समनने गोल करायचा नसतो, होऊ द्यायचा नसतो. पक आपल्या गोलच्या मागे कोपऱ्यात गेला की तो आणायला पाठमोरं पळायचं. समोर फळी, मागून विरुद्ध टीमचा कुणीतरी दोनशे पौंडांचा गडी जोरात येतोय, आणि तुझी त्याच्याकडे पाठ. त्या क्षणी तुझे डोळे म्हणजे तुझा जोडीदार. तो ओरडून सांगणार, मागे माणूस आहे, किंवा वेळ आहे, किंवा पलीकडे दे. दुसऱ्याच्या आवाजावर भरवसा ठेवून भिंतीकडे तोंड करून जायचं. मला हे कळलं त्या दिवशी मी दुकानातल्या माझ्या मेकॅनिकला, पीटला म्हटलं, माझ्या पोरात मी समजत होतो त्यापेक्षा जास्त धाडस आहे.

सोळाव्या वर्षी तू मिशिगनला गेलास, परक्यांच्या घरी राहून खेळायला. ती बाई भली होती, तुझ्यासाठी रोज मीटलोफ करायची. इकडे आई तुझं पान घ्यायची, मग उचलून ठेवायची. त्यानंतर कॉलेज, त्यानंतर छोट्या लीगची छोटी गावं. बसमध्ये झोप, हॉटेलात झोप, भाड्याच्या खोलीत जमिनीवर गादी आणि एक टीव्ही. तू फोनवर सगळं "गुड, गुड" सांगायचास आणि मी मागचं ऐकायचो. मालगाडीची शिट्टी आली की कळायचं, जुन्या गावीच आहेस. बर्फाच्या मशीनची खडखड आली की मोटेल. टीममेट हसताना ऐकू आले तर त्या दिवशी मी आईला म्हणायचो, बरा आहे तो. पण बऱ्याचदा मागे काहीच नसायचं. एकटाच भाजीवाल्या सँडविचचा कागद उलगडत बसलेला असायचास. मोठ्या लीगमधून तुला तीन सामन्यांसाठी बोलावलं होतं, तेव्हा मी दुकान बंद ठेवलं, आयुष्यात पहिल्यांदा. नंतर त्यांनी तुला परत खाली पाठवलं. तू म्हणालास, "इट्स फाइन, बाबा, दॅट्स द बिझनेस." धंदा मलाही कळतो रे. पण त्या रात्री तुझ्या आवाजाला तडा होता, आणि मी तो ऐकला.

आता नोव्हेंबरची गोष्ट. तो तुमचा सामना पाहायला मी गाडी चालवत आलो होतो, तुझ्या कोपऱ्याच्या वरच बसलो होतो. पक मागे गेला, तू वळलास. तुझा जोडीदार टायलर तुझ्या उजवीकडून ओरडला, "मॅन ऑन! मॅन ऑन!" हजारो लोकांच्या गलक्यात मला पंधराव्या रांगेत ऐकू आलं. तू मान वळवली नाहीस. तो गडी आला आणि त्याने तुला फळीवर चेपलं. फळीवरच्या काचेचा तो आवाज मला अजून झोपेत येतो. तू उठलास, खेळलास, पार्किंगमध्ये मला मिठी मारलीस. मी म्हटलं, छान खेळलास. टायलर मात्र लांब उभा राहून तुझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती.

त्यानंतर तू जागा बदललीस. इतकी वर्षं उजवीकडून खेळणारा माणूस अचानक डावीकडे. टीव्हीवरचा तो समालोचक तुझं कौतुक करतो, म्हणतो, या वयात नवी बाजू शिकतोय. तू मला म्हणालास, कोचची आयडिया. मी कागदावर मैदान काढून पाहिलं. डावीकडून तू पाठमोरा गेलास की फळी तुझ्या उजव्या हाताला येते, आणि टायलरचा आवाज डाव्या कानावर. ख्रिसमसला घरी आलास तेव्हा विमानतळावर मी गाडीची किल्ली पुढे केली, तर तू म्हणालास, तूच चालव. ड्रायव्हिंग सीटसाठी वैदेहीशी भांडणारा माझा मुलगा! मी सुखावलो होतो. वाटलं, बापावर सोपवतोय. तू माझ्या उजवीकडच्या सीटवर बसलास म्हणजे तुझा डावा कान माझ्याकडे होता. जेवताना टेबलाच्या त्या टोकाला बसलास, जिथून सगळे डावीकडे येतात. प्रत्येक गोष्ट वेगवेगळी पाहिली तर काहीच नाही. गाडीचंही तसंच असतं. एकेक आवाज किरकोळ, सगळे मिळून इंजिन गेलेलं असतं.

आणि फोन. हल्ली तू दोनदा "हं?" करतोस, मग म्हणतोस, "बॅड कनेक्शन, बाबा." कनेक्शन चांगलं असतं, निहार. मला तुझ्या खोलीतला हीटरसुद्धा ऐकू येतो.

म्हणून फोन केला नाही. जे तुला सांगायचंय ते ओरडून सांगायची माझ्यात ताकद नाही, आणि तू "हं?" म्हटल्यावर दुसऱ्यांदा तर नाहीच. मराठीत लिहिलं, कारण हे पत्र लॉकर रूममध्ये कुणाच्या हाती लागलं तरी त्याला एक अक्षर कळणार नाही. आईला, वैदेहीला मी बोललेलो नाही. मागच्या वर्षी पक कानाशी लागून टाके पडले, तेव्हापासूनच असावं, असा माझा अंदाज. तुझा उजवा कान गेलाय, आणि तू तो टायलरच्या भरवशावर लपवतोयस. तू विचारलंस ना, काय वाटतं? लपवून सही करणार असशील तर माझं उत्तर नाही. डॉक्टरला सांगून केलीस, किंवा त्याने सांगितल्यावर नाही केलीस, तर दोन्हीला मी हो म्हणेन आणि मंडळात कॉलर ताठ करून फिरेन. तुला सांगायची भीती वाटते, ते मला समजतं. क्लबवाले तुला एका वाक्यात सोडून देतील, आणि मग सकाळी उठून कुठल्या रिंकवर जायचं हेच कळणार नाही. या घरात बसून मला त्या सकाळची थोडी कल्पना आली आहे. पण एकट्याने भिंतीकडे तोंड करून जाऊ नकोस. टीमच्या डॉक्टरची वेळ घे आणि मला फक्त वार कळव, मी दुकान पीटवर टाकून येतो. आत काय बोलायचं ते तू बोल, मी तोंड उघडणार नाही. तुझ्या डाव्या बाजूला बसून राहीन.

तुझाच,
बाबा