आजचं टेबल तुझं

लेखकराव,

शनिवारी सकाळी टेबल माझं असतं, पण आज तूच बस लिहायला. सूर्य कुठे उगवला म्हणून विचारू नकोस. तुझ्या गोष्टीतली ती बाई महिनाभर दारात ताटकळली आहे, तिला एकदाची बाहेर काढ.

मी ताईबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन येते. काही नाही, उगीच आपलं दाखवून यावं म्हटलं. थेंब घातले की येताना नीट दिसत नाही म्हणे, म्हणून ताईला घेतलं. तुला उठवलं असतं, पण तू ‘काय होतंय?’ विचारलं असतंस आणि मला सांगावं लागलं असतं.

ठकी उठली की तिची वेणी घाल आणि तिला दूध दे. खिडकीपाशी चाळणीखाली माझं चित्र वाळतंय, ते काडेपेटीएवढंच आहे, तेव्हा सांभाळ. पंखा लावू नकोस. शेजारच्या कपात ब्रश धुतलेलं पाणी आहे, मागच्यासारखं कोरा चहा समजून पिऊ नकोस.

चित्रात तू आहेस आणि तुझ्या मांडीवर ठकी. तुझा चष्मासुद्धा जमलाय. तिचे डोळे तेवढे राहिलेत. वेळ मिळाला नाही असं तुला सांगितलं होतं, पण वेळ होता रे.

तिला जरा उजेडात बसव आणि ते डोळे कसे आहेत ते नीट बघून लिहून ठेव. पापण्यासुद्धा सोडू नकोस.

आल्यावर मला वाचून दाखव.