आतल्या खोलीचा गिलावा

अण्णा, बारा वर्षांनी लिहितोय ते प्रेमाचा उमाळा आला म्हणून नाही. राग आलाय. तोही इथे जर्मनीत, येनातल्या एका म्युझियममध्ये, शनिवारी सकाळी, रीतसर तिकीट काढून.

लेकीच्या हट्टापायी मॅसिडोनियातल्या थडग्यांवरचं व्याख्यान ऐकायला गेलो होतो. जगज्जेत्याच्या बापाचं म्हणतात ते थडगं. विद्वानांची भांडणं अजून चालूच आहेत. मातीच्या टेकाडाखाली देवळासारखी दर्शनी भिंत, संगमरवरी दार, वर रंगवलेली शिकार. एवढं नटवायचं आणि वर माती लोटायची! उत्खनन करणारे त्या दारातून गेलेच नाहीत, मागून कमानीचा दगड काढून आत उतरले. आत सोन्याची पेटी, पेटीत जळकी हाडं, सगळं जागच्या जागी. मग व्याख्यान देणाऱ्या बाई म्हणाल्या, "आता आतल्या खोलीच्या भिंती बघा. पुढच्या खोलीत गुळगुळीत गिलावा, इथे नुसता पहिला हात मारून सोडलेला. कुणाला तरी घाई होती." मी मोठ्याने हसलो. लेक लाजून कुजबुजली, "बाबा, पाइनलिश! किती लाजिरवाणं!"

हसू नको तर काय करू? आयुष्यभर गिलाव्याचे मिस्त्री तुम्ही. कॉलेजच्या सुट्टीत तुमच्या साइटवर मी थापी चालवली, तर ओळंबासुद्धा न लावता म्हणालात, "इंजिनिअरसाहेब, घाई केलेली भिंत बोलते. खरवडा." चार गवंड्यांसमोर अख्खी भिंत खरवडायला लावलीत. माझी बोटं सोलली, तुमचा चहा गार झाला नाही.

आणि स्वतःच्या वेळी? मी घरी पोचतो, तोवर तुमची राख गार झालेली. चुलतभाऊ दारातच सांगतोय, "अरे, काकाच बजावून गेले. साहेबाची वाट बघू नका, त्याला सुट्टी मिळत नाही." एक दिवस, अण्णा! एका दिवसाने काय बिघडलं असतं? तिथल्या पोराला निदान गादी सांभाळायची घाई होती, असं बाईंचं म्हणणं. मेलेल्या माणसाला कसली आलीय घाई? बारा वर्षं मी हा किस्सा इथल्या मराठी मंडळींना रंगवून सांगतोय, की आमच्या तीर्थरूपांनी शेवटचा टोमणाही दुसऱ्याच्या तोंडून मारला. लोक हसतात. सांगतोही मी झकास.

पत्र टाकायला तुम्हाला आता पत्ता नाही हे बरंच आहे. हे वाचलं असतंत तर थंडपणे म्हणाला असतात, खरवडा. बरं, खरवडतो. जायच्या आधीच्या महिन्यात तुम्ही फोनवर विचारलंत, "दोन दिवस येऊन जातोस का?" तुम्ही कधीच काही मागायचा नाहीत. मी म्हणालो, "सुट्टी मिळत नाही हो." तुम्ही ते खरं मानलंत.

सुट्टीचे अकरा दिवस शिल्लक होते, अण्णा. मी मागितलेच नव्हते.