शिंग आजच द्यावे

मी, खाली सही करणारा, सायकली दुरुस्त करणारा आणि आमच्या सिनेगॉगमध्ये शोफार, म्हणजे मेंढ्याचे शिंग, फुंकणारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके शाबूत आहे. छातीचे काही सांगता येत नाही आणि सारी धाकधूक तिचीच आहे.

राहते घर बायकोच्या नावे. तिच्या हयातीत मुलांनी ते विकण्याचा विषयही काढू नये. जिन्याचा कठडा हलतो, तो आधी बसवून घ्यावा.

दुकान व हत्यारे धाकट्या लेकीला. थोरल्याला साधा पाना धरता येत नाही. त्याला माझी प्रार्थनेची पुस्तके द्यावीत, उघडली तर उघडली.

साडूला काहीही देऊ नये. योम किप्पूरच्या कडक उपासाला तो दरवर्षी माझ्या शेजारी बसून दिवसभर जेवणाच्याच गोष्टी करतो.

आता शिंग. ते बेकरीवाल्याला द्यावे. हे लिहिताना हात जड होतो. गेल्या रोश हशानाला, भर नववर्षाच्या प्रार्थनेत, शेवटचा लांब स्वर माझ्याकडून मध्येच तुटला. बायकांच्या सज्जातून हिने मुद्दाम मोठ्याने खोकून सांभाळून घेतले. पण हा पठ्ठ्या बाहेर अंगणात सगळ्यांदेखत म्हणाला, "काय मिस्त्री, पंक्चर का?" तेव्हापासून मी त्याच्याकडचा पाव बंद केला आहे. तरी दम त्याच्यातच आहे, हे नाकारून चालणार नाही. फक्त त्याने मिरवायला म्हणून स्वर ताणू नये.

वकील म्हणतात, सगळे तुमच्या पश्चात अमलात येईल. तिथेच माझी झोप उडते. मी मेलो तर कोणीतरी उभा राहीलच. पण मी जिवंत असलो, शिंग तोंडाला लावले, सगळे श्वास रोखून उभे राहिले आणि आवाजच निघाला नाही तर? आज सकाळीही नुसती हवा आली. म्हणून हे एक कलम आजपासूनच लागू समजावे.

हे ऐकून बायको म्हणाली, "मग तुम्ही त्या दिवशी करणार काय?"

ऐकणार. धर्माज्ञा शिंग ऐकण्याची आहे, आणि फुंकणाऱ्याचे सारे लक्ष स्वतःच्या दमाकडे असते. दाराजवळच्या बाकावर माझ्यासाठी जागा धरावी. इतक्या वर्षांत मी ते एकदाही नीट ऐकलेले नाही.

सही: सायकलवाला मिस्त्री
साक्षीदार: १. शेजारचा औषधवाला २. सिनेगॉगचा राखणदार
(शिंग आम्हा दोघांदेखत बेकरीवाल्याच्या हाती दिले.)
ठिकाण: दुकानाची मागची खोली
तारीख: रोश हशानाच्या आदल्या आठवड्यातला सोमवार